बातमीत ‘सर्व्हिस रिव्हॉल्व्हर’, कमरेला पिस्तूल : पोलिसांचं शस्त्र बदललं, मग अडलंय कुठं?

‘सर्व्हिस रिव्हॉल्व्हरमधून गोळी झाडली.’ महाराष्ट्रात पोलिसांकडून गोळीबार झाला की बातमीत ही ओळ ठरलेली. हा शब्द तोंडात इतका बसलाय की त्या अधिकाऱ्याच्या कमरेला नेमकं काय होतं, हे कुणी विचारतच नाही. पुष्कळदा ते रिव्हॉल्व्हर नसतंच. ते असतं ९ एमएमचं पिस्तूल.

आता म्हणाल, त्यानं काय फरक पडतो? छोटी बंदूक ती छोटी बंदूक. मुंबईच्या बोलीत तर दोन्हीला ‘घोडा’च म्हणतात.

पण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हाच फरक थेट मुंबई उच्च न्यायालयात चर्चेला आला. बदलापूर प्रकरणातल्या आरोपीला २३ सप्टेंबरला पोलीस व्हॅनमधून नेलं जात होतं. मुंब्रा बायपासजवळ त्यानं एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, त्यातली एक अधिकाऱ्याच्या मांडीला लागली, आणि मग दुसऱ्या अधिकाऱ्यानं झाडलेल्या गोळीत आरोपी मेला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. दोनच दिवसांनी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठासमोर सुनावणी झाली. तिथं न्यायालयानं विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा होता, की रिव्हॉल्व्हर कुणीही सोम्यागोम्या चालवू शकतो, पण पिस्तूल लोड करायला ताकद लागते, माहिती लागते. सराव नसलेल्या माणसाला ते झटापटीत जमलं कसं?

त्या दिवशी सोशल मीडियावर दोन तट पडले. एक म्हणाला, बरोबर आहे, पिस्तूल चालवणं सोपं नसतं. दुसरा म्हणाला, सिनेमात तर कुणीही चालवतं. दोघांनाही मूळ मुद्दा सापडला नाही, कारण त्यासाठी ही दोन यंत्रं आतून कशी चालतात हे माहीत हवं.

आधी रिव्हॉल्व्हर. नळीच्या मागं एक गोल चक्र असतं, त्याला साधारण सहा घरं. प्रत्येक घरात एक गोळी. चाप ओढला की चक्र एक घर पुढं सरकतं, घोडा मागं जातो आणि सुटून गोळीच्या बुडावर आपटतो. पुन्हा चाप ओढला की पुढचं घर. एखादी गोळी फुसकी निघाली तरी काही करायचं नाही, चाप परत ओढायचा, पुढची गोळी हजर. उघडून पाहिलं की सहाही गोळ्या डोळ्यांसमोर. भरलंय की रिकामं, यात संशयाला जागाच नाही. जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचं तर मधूनच अंग मोडायचं, आणि सगळ्या पुंगळ्या एकदम वर यायच्या.

शिवाय घोडा आधी ओढून ठेवलेला नसेल तर रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. चक्र फिरवायचं आणि घोडाही मागं न्यायचा, ही दोन्ही कामं एकट्या बोटाला करावी लागतात. चार-पाच किलोचा जोर लागतो. त्यामुळे चुकून बोट पडलं आणि गोळी सुटली, असं सहसा होत नाही. सुरक्षेसाठी वेगळा खटका लागत नाही, हा जड चापच खटक्याचं काम करतो.

पिस्तूल हे वेगळंच प्रकरण. गोळ्या मुठीतल्या मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेल्या. वरचा सरकणारा भाग म्हणजे स्लाइड. ती हातानं मागं ओढून सोडली की पहिली गोळी नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या चेंबरमध्ये जाते. तिथून पुढचं काम पिस्तूल स्वतः करतं. गोळी सुटली की धक्क्यानं स्लाइड मागं जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, परत येताना पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलते. प्रत्येक गोळीसाठी चाप ओढावा लागतोच, पण भरण्याचं काम आपोआप होतं. म्हणून सेमी-ऑटोमॅटिक.

इथंच न्यायालयाच्या प्रश्नाची खरी गाठ आहे. पिस्तूल कमरेला लावून फिरायच्या दोन मुख्य पद्धती. पहिलीत मॅगझीन भरलेलं, पण चेंबर रिकामं. असं पिस्तूल हिसकावून चाप ओढला तर काहीच होणार नाही. आधी स्लाइड ओढावी लागेल, तिला ताकद लागते आणि ती ओढायची असते हे माहीत असावं लागतं. दुसऱ्या पद्धतीत चेंबरमध्येही गोळी. मग स्लाइडचा प्रश्नच नाही. उरतो तो सुरक्षा खटका. तोही प्रत्येक पिस्तुलाला सारखा नसतो. ग्लॉकसारख्या पिस्तुलाला अंगठ्यानं सरकवायचा वेगळा खटका नसतोच, चाप ओढला की गोळी. भारतात बनणाऱ्या जुन्या ९ एमएम पिस्तुलाला खटका असतो, आणि त्याचा घोडा खाली असेल तर तो आधी अंगठ्यानं मागं घ्यावा लागतो.

म्हणजे ‘अडाणी माणूस पिस्तूल चालवू शकतो का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते पिस्तूल कुठल्या बनावटीचं होतं आणि त्या क्षणी कुठल्या अवस्थेत होतं, यावर सगळं अवलंबून. रिव्हॉल्व्हरच्या जमान्यात हा प्रश्न चौकशीत यायचाच नाही. भरलेलं असेल तर ते चालणारच.

मग एवढं साधं-सोपं हत्यार सोडून पोलीस पिस्तुलाकडं गेले कशाला?

रिव्हॉल्व्हर आपल्याकडं इंग्रजांसोबत आलं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचं .३८ बोअरचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश साम्राज्यात सगळीकडं पोहोचलं होतं. स्वातंत्र्यानंतरही तीच जात इथं टिकली, तिची गोळीही इथंच बनत राहिली. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथल्या जुन्या .३८० रिव्हॉल्व्हर गोळ्यांच्या बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असतो, म्हणजे ‘किर्की फॅक्टरी’. जगभरातल्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या शौकिनांना हा शिक्का माहीत आहे.

पण ही गोळी मूळचीच मंद. वजनाला जड, वेगाला कमी, सेकंदाला साधारण दोनशे मीटरच्या आसपास. ९ एमएमची गोळी वजनानं हलकी, पण वेग साडेतीनशे मीटरच्या घरात. ऊर्जेचा हिशेब केला तर जवळपास दुप्पट. शिवाय .३८ ची ही गोळी फक्त रिव्हॉल्व्हरलाच चालते. ९ एमएमची तीच गोळी पिस्तुलातही बसते आणि पोलिसांच्या स्टर्लिंग पद्धतीच्या कार्बाइनमध्येही. शस्त्रागार सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, दोन हत्यारांना एकच काडतूस म्हणजे केवढी सोय! शस्त्र बदलण्यामागं शौर्याच्या गोष्टींपेक्षा असली कोठाराची गणितं बरीच असतात, फक्त त्यांची बातमी होत नाही.

भारतीय ९ एमएम पिस्तूल हे मूळच्या ब्राउनिंग हाय-पॉवरचं देशी रूप. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीनं ही पिस्तुलं बनवली होती. पुढं पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात तीच जात घडायला लागली. मॅगझीनमध्ये तेरा गोळ्या. सहाच्या दुप्पट आणि वर एक. ऑस्ट्रियाच्या लष्करानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लॉक स्वीकारलं, त्यात सतरा. हलक्या प्लास्टिक बॉडीचं हे पिस्तूल मग जगभरच्या पोलिसांकडं पसरलं.

महाराष्ट्रात हा बदल एका रात्रीत झालेला नाही. वर्षानुवर्षं दोन्ही हत्यारं शेजारी-शेजारी नांदली. पण चर्चेला धार आली ती २६ नोव्हेंबर २००८ नंतर. त्या रात्री एके-४७ समोर पोलिसांच्या हातात जुन्या .३०३ रायफली होत्या, लाठ्या होत्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात बंदूक नसताना कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली आणि जीव दिला. तिथंच नाकाबंदीवरच्या अधिकाऱ्यांनी कमरेच्या शस्त्रांनी झाडलेल्या गोळ्यांनी अबू इस्माईल मेला, ही गोष्ट मात्र फार कमी जणांच्या लक्षात राहिली. चार-सहा हातांवरून, गाडीच्या काचेतून, छोट्या शस्त्रानं. म्हणजे हत्यार लहान होतं, ते चालवणारे हात तयार होते.

पुढं राम प्रधान समितीनं २००९ मध्ये अहवाल दिला, त्यात शस्त्रांबरोबरच सरावाच्या गोळ्यांच्या टंचाईवरही बोट ठेवलं. राज्यानं त्याच वर्षी ‘फोर्स वन’ उभं केलं, नवी शस्त्रं आणली. नव्या शस्त्रांचे फोटो छापून आले. सरावाच्या गोळ्यांचा फोटो कोण छापणार?

हा अनुभव काही आपलाच नाही. अमेरिकेत ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या आठ एजंटांनी दोन बँक-दरोडेखोरांना अडवलं. काही मिनिटांच्या चकमकीत दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. दरोडेखोरांकडं रायफल होती, आठपैकी बहुतेक एजंटांकडं रिव्हॉल्व्हर. एका एजंटच्या हाताला गोळी लागली. त्या हातानं त्याला रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक गोळी भरताच येईना, घरांमध्ये रक्त साचलेलं. सहा गोळ्या संपल्या की काय होतं, याचं याहून भयंकर चित्र नसेल. त्यानंतर अमेरिकी पोलिसांत पिस्तुलाची लाट आली. गंमत म्हणजे त्या दिवशी चकमकीचा शेवट ज्या गोळ्यांनी झाला, त्या एका जखमी एजंटच्या रिव्हॉल्व्हरमधूनच सुटल्या होत्या. पण धोरणं ठरताना असले तपशील मागं पडतात.

न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये ९ एमएम पिस्तुलाला परवानगी दिली. तिथले वरिष्ठ घाबरले होते ते वेगळ्याच गोष्टीला. रिव्हॉल्व्हरच्या जड चापाची सवय असलेलं बोट हलक्या चापावर पडलं तर? म्हणून त्यांनी पिस्तुलांचे चाप मुद्दाम जड करून घेतले, साडेपाच किलोच्या आसपास. आणि ज्यांना रिव्हॉल्व्हरच ठेवायचं होतं त्या जुन्या लोकांना ठेवू दिलं. शेवटचं रिव्हॉल्व्हर तिथं कामावरून उतरलं थेट २०१८ मध्ये. पंचवीस वर्षं लागली.

आणि तरीही १९९९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्येच साध्या वेशातल्या चार पोलिसांनी अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या. त्यानं खिशातून पाकीट काढलं होतं. दोघांनी प्रत्येकी सोळा गोळ्या झाडल्या. सहा घरांचं रिव्हॉल्व्हर असतं तर चौघांच्या मिळून चोवीसच झाल्या असत्या. तो वाचला असता का, हे कुणी सांगू शकत नाही. पण सहा गोळ्यांनंतर यंत्र थांबायचं, आणि माणसाला आपण काय करतोय हे बघायला क्षणभर मिळायचा. तेरा किंवा सतरा गोळ्यांत तो क्षण यंत्र देत नाही, तो माणसानं स्वतः काढायचा असतो.

जपानचे पोलीस तर आजही प्रामुख्यानं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर बाळगतात. तिथं गुन्हेगाराकडं बंदूक असण्याची शक्यताच फार कमी. त्यांचं चाललंय. म्हणजे रिव्हॉल्व्हर जुनाट म्हणून टाकाऊ, असं सरसकट म्हणता येत नाही. समोर कोण आहे, यावर ते ठरतं.

आता समोर कोण आहे ते पाहायला देवळ्याकडं वळू.

देवळा म्हणजे ‘कसमादे’तला ‘दे’. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा नाशिक जिल्ह्याचा उत्तरेकडचा पट्टा. कांदा आणि डाळिंब. इथलं पोलीस ठाणं नाशिक ग्रामीण पोलीस दलाखाली. रोजचं काम काय? कांद्याच्या लिलावात भाव पडला की रास्ता रोको, त्याचा बंदोबस्त. विहिरीवरच्या मोटारी आणि केबल चोरीच्या तक्रारी. बांधावरची भांडणं. विंचूर–प्रकाशा रस्त्यावरचे अपघात. गणपती, यात्रा, निवडणूक. उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला शस्त्र असतं, शिपायाच्या हातात बहुतेक वेळा काठीच. अशा ठाण्यातला अधिकारी कमरेचं शस्त्र एकदाही न झाडता निवृत्त झाला, तर त्यात काहीच नवल नाही. ते झाडायची वेळ आली नाही, हे चांगलंच.

एवढ्यावर थांबलं तर वाटेल की देवळ्याला सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हरच पुरे. पण नकाशा जरा मोठा करून बघा. तालुक्यातलं उमराणे थेट मुंबई–आग्रा महामार्गावर आहे. कांद्याची मोठी बाजारपेठ, म्हणजे रोख पैसा. याच महामार्गानं उत्तरेला गेलं की मालेगाव, धुळे, शिरपूर आणि मग सातपुडा ओलांडून मध्य प्रदेश. त्या सीमेवरचं उमर्टी हे गाव गावठी शस्त्रांच्या भट्ट्यांसाठी पोलिसांच्या नोंदीत वर्षानुवर्षं आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा ग्रामीणचं पथक तिथं कारवाईला गेलं, तर पथकावरच हल्ला झाला आणि एका कर्मचाऱ्याला उचलून नेलं गेलं, काही तासांनी त्याची सुटका झाली.

तिथून निघालेला माल खाली नाशिक, पुण्यापर्यंत सापडतो. पोलिसांच्या प्रेसनोटमधली ‘एक गावठी बनावटीचं पिस्तूल, मॅगझीनसह, दोन जिवंत काडतुसं, आर्म्स ॲक्ट ३/२५’ ही ओळ उत्तर महाराष्ट्रात वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही पाठ असेल. त्यातला ‘मॅगझीनसह’ हा शब्द महत्त्वाचा. पूर्वी गावठी कट्टा म्हणजे एकावेळी एकच गोळी, तीही कधी नळीतच फुटायची. आता मॅगझीनवाली नक्कल मिळते. नाकाबंदीत अडवलेल्या गाडीतल्या पोराकडं मॅगझीनचं पिस्तूल आणि साहेबाकडं सहा गोळ्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर, हे कुठल्याच पोलिसाच्या घरच्यांना पटणार नाही. म्हणून पिस्तूल हवंच. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद आहे तो पुढचा. पिस्तूल आलं, त्याच्यासोबत काय यायला हवं होतं?

पहिली गोष्ट गोळीची. ९ एमएमची पूर्ण आवरण असलेली, टणक डोक्याची गोळी माणसाच्या अंगातून आरपार जाऊन मागच्याला लागू शकते. देवळ्याच्या आठवडे बाजारात किंवा उमराण्याच्या लिलावाच्या गर्दीत मागं कोण उभं असेल? अमेरिकेतले पोलीस म्हणूनच अंगात शिरल्यावर पसरणारी, तिथंच थांबणारी गोळी वापरतात. तसल्या गोळ्यांना युद्धात मात्र १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं बंदी घातली. त्या गोळीचं प्रसिद्ध नाव ‘डमडम’, आणि ते पडलं कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यावरून. गोळी कुठलीही असो, आरपार जाण्याचा धोका गृहीत धरूनच नेम घ्यायचा असतो, आणि नेम हा गोदामातून इश्यू होत नाही.

तो येतो सरावातून. उपनिरीक्षक घडतात नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत, त्र्यंबक रोडवर. शंभराहून जास्त वर्षांची परंपरा असलेली ही संस्था. तिथं शस्त्र शिकवलं जातं, गोळीबाराचा सराव होतो. पण प्रशिक्षण संपून देवळ्यासारख्या ठाण्यात हजर झाल्यावर? मग उरतो तो वार्षिक सराव. त्यासाठी मैदान ठरवायचं, गोळ्यांचा कोटा, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आर्मरर आणि राखीव निरीक्षकांची माणसं, आणि ठाण्यातून अधिकारी मोकळे. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. सरावाच्या दिवशीच कुठं तरी मोर्चा निघतो. दोन अधिकाऱ्यांच्या ठाण्यातला एक सरावाला आणि एक कोर्टात गेला, तर ठाण्यात कोण?

रिव्हॉल्व्हरचं बरं होतं. वर्षानं हातात घेतलं तरी चालवता यायचं, कारण शिकण्यासारखं त्यात फार नव्हतं. पिस्तुलाचं तसं नाही. गोळी अडकली तर काय करायचं? मॅगझीनवर खालून थाप मारायची, स्लाइड ओढायची, अडकलेली गोळी पाडायची, परत नेम घ्यायचा. हे वाचायला पाच सेकंद लागतात. छातीत धडधडत असताना, हात घामेजलेले असताना, शेकडो वेळा केलेलं असेल तरच ते होतं. विचार करून करायला गेलं तर होत नाही. ज्यानं अर्धी नोकरी रिव्हॉल्व्हरवर काढली, त्याचं बोट तर अशा वेळी पुन्हा चाप ओढत बसेल, कारण जुन्या हत्याराचा इलाज तोच होता.

इथं महिला अधिकाऱ्यांचाही विषय निघतो. ‘स्लाइड ओढायला ताकद लागते’ हे न्यायालयात बोललं गेलं आणि लगेच ‘मग बायकांना कसं जमणार’ असे मेसेज फिरले. स्लाइड एका हातानं धरून दुसऱ्या हातानं पिस्तूल पुढं ढकलायचं, ही पद्धत एकदा बसली की मनगटाच्या जोराचं फारसं काही राहत नाही. उलट रिव्हॉल्व्हरचा चार-पाच किलोचा चाप एका बोटानं ओढताना नेम हलतो, तो बाईचाही हलतो आणि पैलवानाचाही. अडचण असलीच तर मुठीच्या जाडीची. दोन रांगांच्या मॅगझीनमुळं पिस्तुलाची मूठ जाड होते, लहान हाताला ती पुरत नाही. लहान मुठीची पिस्तुलं बाजारात आहेत. मागवताना हात मोजून मागवायची, एवढाच मुद्दा.

दुसरी गोष्ट गोळी न झाडण्याची. पोलिसाच्या हातून शस्त्र झाडलं जाण्यापेक्षा हजारपट जास्त वेळा ते फक्त काढून ठेवलं जातं. ड्युटी संपली, घरी आलं, साफ करायला घेतलं. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र उघडलं की संपलं. पिस्तुलात लोक मॅगझीन काढतात आणि रिकामं झालं असं समजतात. चेंबरमधली एक गोळी तशीच राहते. ‘शस्त्र साफ करताना गोळी सुटली’ अशा बातम्यांमागं कित्येकदा हीच एक गोळी असते. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझीन आत असताना स्लाइड ओढली, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत जाते. माणूस निर्धास्त, पिस्तूल भरलेलं.

यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की नवल वाटावं. एक जाड लाकडी किंवा लोखंडी पेटी, आत वाळू. शस्त्र रिकामं करताना नळी त्या वाळूत धरायची. चुकून गोळी सुटलीच तर वाळूत जाईल. जगभरात लष्करी चौक्यांच्या दाराशी ही पेटी असते. गिरणेच्या काठच्या तालुक्यात वाळूचं दुर्भिक्ष आहे असंही नाही, उलट वाळूचोरी पकडणं हेच तिथल्या ठाण्याचं एक काम.

तिसरी गोष्ट पुन्हा बदलापूरच्या चौकशीपाशी आणून सोडते. रिव्हॉल्व्हर झाडल्यावर रिकाम्या पुंगळ्या चक्रातच राहतात. किती झाडल्या ते कळतं, पण कुठून झाडल्या ते पुंगळीवरून कळत नाही. पिस्तूल मात्र प्रत्येक पुंगळी बाहेर फेकतं, बहुतेक पिस्तुलं उजवीकडं. पुंगळ्या कुठं पडल्या यावरून झाडणारा साधारण कुठं उभा होता याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे पिस्तूल पोलिसाला जास्त गोळ्या देतं आणि चौकशी करणाऱ्याला जास्त पुरावा. पण तो पुरावा जमिनीवर पडलेला असतो. कुणाच्या बुटाखाली गेला, कुणी उचलला, गाडीच्या सीटखाली घरंगळला, की गेला. जागा लगेच बंद करणं, फोटो, मोजमाप हे सगळं ठाण्यातल्या पहिल्या माणसाच्या हातात असतं.

सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात चकमकींच्या चौकशीचे नियम घालून दिले. हा खटला मुंबईतल्या चकमकींवरूनच उभा राहिला होता. त्यात एक नियम असा, की संबंधित पोलीस अधिकाऱ्यानं आपलं शस्त्र न्यायवैद्यक आणि बॅलिस्टिक तपासणीसाठी जमा करायचं. निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. मुंब्रा बायपासची घटना बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला घडली. त्या घटनेवरच्या दंडाधिकारी चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयात आला. पोलिसांनी केलेला बळाचा वापर समर्थनीय नव्हता, असा त्याचा निष्कर्ष होता आणि व्हॅनमधल्या पाच पोलिसांना त्यात जबाबदार धरलं होतं. आरोपीच्या बोटांचे ठसे पिस्तुलावर न मिळाल्याचा मुद्दाही त्यात होता. पुढं एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं विशेष तपास पथकाचा आदेश दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

पण सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं जो साधा प्रश्न विचारला होता, तो उद्या देवळ्यातल्या एखाद्या नाकाबंदीबद्दलही विचारला जाऊ शकतो. पिस्तूल कमरेला लावताना चेंबरमध्ये गोळी होती का? शस्त्र देताना-घेताना नोंद होते ती शस्त्राच्या क्रमांकाची, मॅगझीनची आणि गोळ्यांच्या संख्येची. तेरा दिल्या, तेरा परत आल्या. त्या तेरांतली एक दिवसभर कुठं बसली होती, हे ज्याच्या कमरेला पिस्तूल होतं त्यालाच माहीत.